बाहीवरच्या तीन फिती

मागच्या महिन्यात माझ्या आतेभावाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक छायाचित्र टाकले आणि खाली लिहिले, "आबा सापडले." एका परदेशी संग्रहालयाने इंटरनेटवर खुल्या केलेल्या युद्धकाळातील छायाचित्रांत त्याला ते मिळाले होते. इटली, १९४४, मराठा पलटणीतील जवान, एवढीच ओळ त्याखाली होती, नाव नव्हते. दुसऱ्याच दिवशी त्याने नवी पेठेत मोठी प्रत काढून फ्रेम करून घेतली आणि बार्शीला आत्याकडे नेली. तिचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, पलटणीबरोबर गेले तेव्हा आत्या अंगावर पीत होती. आज ती ८४ वर्षांची आहे. तिने काचेवरून बोट फिरवले, "कान माझ्यासारखेच आहेत" म्हणाली आणि संध्याकाळी फ्रेमला हार घातला.

माझे आजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते आणि एप्रिल १९४५ मध्ये इटलीतल्या सेनिओ नदीवरच्या लढाईत पडले. याच लढाईत ९ तारखेला नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आमच्या घरात मात्र आजोबांचा एकही फोटो नाही आणि त्यांच्याविषयी फारसे बोललेही जात नसे. ज्या सोलापूरने १९३० साली मार्शल लॉ सोसला आणि १९३१ च्या जानेवारीत चार हुतात्मे दिले, त्या जिल्ह्यात इंग्रजांच्या पलटणीतला माणूस अभिमानाने कसा सांगायचा, असा तो अवघडलेपणा असावा.

छायाचित्र पाहून मलाही राहवले नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोध घेतला, तर सुरुवातीला काहीच मिळेना, कारण मी सोलापूर आजच्या पद्धतीने लिहीत होतो. इंग्रजांच्या नोंदींत ते 'शोलापूर' आहे, म्हणजे 'एस'नंतर 'एच' घालावा लागतो. तसे केल्यावर आजोबांची नोंद उघडली: नाव, क्रमांक, हुद्दा, मृत्यूची तारीख आणि शेवटी, अमुक हिचा पती. आजीचे नाव कारकुनाने इतके वेडेवाकडे लिहिले होते की मी ते तीनदा मोठ्याने वाचले, तेव्हा कुठे ओळख पटली.

हुद्दा मात्र 'सिपॉय' असा होता. छायाचित्रातील जवानाच्या बाहीवर तीन फिती आहेत, म्हणजे तो हवालदार. १९४४ मध्ये हवालदार असलेला माणूस १९४५ मध्ये शिपाई म्हणून मरण पावला, हे पद काढून घेतल्याशिवाय घडत नाही आणि तसे घडल्याचे घरात कुणाच्याही कानावर नाही.

मला आतेभावाचा राग येत नाही, पण ही घाई मला पटत नाही. फ्रान्समधील विन्याकूर गावात पहिल्या महायुद्धात थुइये दांपत्याने सैनिकांची छायाचित्रे काढली होती. त्यांच्या हजारो काचेच्या निगेटिव्ह २०११ मध्ये एका घराच्या माळ्यावर सापडल्या, त्या फेसबुकवर टाकल्यावर कित्येक ऑस्ट्रेलियन कुटुंबांना आपली माणसे ओळखता आली. त्यांच्या घरांत ताडून पाहायला दुसरे फोटो होते, पत्रे होती. आपल्याकडे फक्त कान आणि भुवया आहेत, आणि तेवढ्या आधारावर एका अनोळखी जवानाला आपण आपले आडनाव देऊन मोकळे होतो. एकदा ते नाव ग्रुपमधून ग्रुपमध्ये फिरू लागले, की त्याच्या खऱ्या नातवंडांनी शोध घेतला तरी त्यांना आमचे आजोबा दिसणार. ज्यांच्या घरी पेन्शनचा कागद, पदक किंवा निदान पलटणीचा क्रमांक आहे, त्यांनी आधी तो समोर ठेवावा आणि मग चेहरे शोधावेत.

शेवटी मीच बार्शीला गेलो आणि आत्याला फितींचे सांगितले. तिने बराच वेळ फोटोकडे पाहिले आणि विचारले, "मग हा लढाईत गेला का घरी आला?" मला ठाऊक नव्हते. फ्रेम उतरवायला तिने साफ नकार दिला. "घरी आला असंल तर हार कशाला," म्हणाली आणि तेवढा हार काढून घेतला.