खुलासा : व्यसनमुक्ती केंद्राचं कमिशन आणि 10 वर्षं कैद

‘व्यसनमुक्ती केंद्राला पेशंट देऊन कमिशन घेतलं तर 10 वर्षं कैद, नवा कायदा लागू’ असा मेसेज सांगली-मिरजेत फिरतोय. तो कायदा अमेरिकेचा आहे, 2018 चा. तिथे 2 लाख डॉलरपर्यंत दंडही आहे. आपल्याकडे तो लागू नाही.

म्हणून इथे सगळं चालतं असं मात्र मुळीच नाही! पेशंट पाठवण्याबद्दल डॉक्टरांनी कमिशन घेणं-देणं 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार निषिद्ध आहे. तक्रार महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते. दारूपायी आधीच पिचलेल्या घराकडून असा पैसा काढणं मला तरी क्रूर वाटतं. कुणी एकाच केंद्राचा फार आग्रह धरला, तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी दाखवायला सांगा. सल्ल्यासाठी 14446 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.