आधी गरज लिहा, मग चिप निवडा!

इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा बोर्ड डिझायनरकडून करून घ्यायचाय, काय बनवायचंय ते ठरलेलं नाही, पण चिप मात्र ठरलेली! ‘ईएसपी३२ ही वायफायवाली चिप टाका, स्वस्त आहे.’ अहो, पण सीआर२०३२ च्या बटण सेलवर वर्षभर चालवायचंय ना? तो सेल साधारण २२० मिलिअँपिअर-तासांचा, सलग देणार जेमतेम काही मिलिअँपिअर. ही चिप वायफायवर डेटा पाठवताना २४० मिलिअँपिअरच्या आसपास ओढते. व्होल्टेज कोसळतं, चिप रीसेट, परत सुरू, परत रीसेट. आणि दोष कोणाचा? डिझायनरचा!

काम बाहेर देताना एक पानभर तरी लिहून द्याल की नाही? पिन किती, एडीसी (अॅनालॉग सिग्नलचे आकडे करणारा भाग) किती बिटचा, पुरवठा कुठला, तापमान किती, नग १०० की १०,०००? काही म्हणजे काही नाही. ‘आर्डुइनोवर, म्हणजे प्रयोगाच्या तयार बोर्डवर, चालतंय, फक्त बोर्ड लहान करा.’ फक्त?

आणि पूर्ण पैसे मोजून हातात काय घेता? नुसत्या गर्बर फाइल, म्हणजे कारखान्यात बोर्ड बनवायला लागणारी थरांची चित्रं! त्यांच्यावरून उद्या एक कनेक्टर तरी धड हलवता येणार आहे का? मूळ स्किमॅटिक (सर्किटची आकृती), पीसीबीची (छापील सर्किट बोर्डची) मूळ फाइल, पार्ट नंबरसकट बीओएम (सुट्या भागांची यादी), फर्मवेअरचा (चिपमधल्या प्रोग्रॅमचा) सोर्स कोड, सगळं करारात लिहून घ्या. पहिला हप्ता देण्याआधी, नंतर नाही!