साडेतीन गुंठे, एक माणूस

देशाच्या अन्न सुरक्षेची काळजी घोडबंदर रोडवर बाविसाव्या मजल्यावर बसूनही करता येते. पण तिला खरा रंग चढतो तो मुरबाड-शहापूरकडे दहा गुंठे घेतल्यावर. तेव्हा ठाणेकरांनो, लागा कामाला. माजिवड्याच्या सिग्नलला थांबलात की फलक समोर येईलच: डोंगर, ढग, हिरवंगार शेत आणि "समृद्धीपासून १० मिनिटं". त्यातलं जे हिरवं आहे ना, ते भात आहे. आत्ताच डोळे भरून बघून घ्या, ताबा मिळेपर्यंत ते राहत नाही.

आधी शेतकरी व्हावं लागेल. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही. घाबरू नका. आजोबांच्या गावी चौदा जणांच्या सामाईक सातबाऱ्यावर तुमचंही नाव निघेल. तिथे तीस वर्षांत कुणी नांगर घातला नसला तरी बिघडत नाही. कायदा सातबारा बघतो, हाताचे घट्टे नाही. पुढचा खोडा तुकडेबंदीचा. जिरायत जमीन वीस गुंठ्यांहून लहान तुकड्यात विकता येत नाही, म्हणून साडूला बरोबर घ्या. खरेदीखत सामाईक, आणि मध्ये चुन्याची रेघ. ही रेघ पहिल्या पावसात धुऊन जाते, साडूशी असलेले संबंध दुसऱ्या.

आता थोडं गणित, कारण ते माहितीपत्रकात नसतं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तुमच्या टू बीएचकेच्या 'सुपर बिल्ट-अप'एवढा. हेक्टरी २५ क्विंटल भात धरलं तर गुंठ्याला २५ किलो पडतं. सरकारी भरडाईच्या हिशेबाने १०० किलो भाताचा ६७ किलो तांदूळ, म्हणजे गुंठ्याला साधारण १७ किलो. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात प्राधान्य गटातल्या माणसाला महिना ५ किलो धान्य आहे, वर्षाचं ६० किलो. भागाकार करा: साडेतीन गुंठे म्हणजे एक माणूस.

हे माप पाठ करून ठेवा, इंटिरिअरवाल्याशी बोलताना कामाला येतं. पूल आणि त्याच्या कडेची फरशी धरून दोन गुंठे: अर्ध्याहून जास्त माणूस. दोन गाड्या वळवायला पेव्हर ब्लॉक, एक गुंठा: एका माणसाचे साडेतीन महिने. लॉन, तीन गुंठे: एक माणूस, जरा सडपातळ. सगळा प्लॉट मिळून जेमतेम तीन माणसं. एवढ्याने देश काही उपाशी मरत नाही. आणि तुमच्या शेजारच्या प्लॉटवाल्याचाही हिशेब अगदी हाच असतो.

विकणाऱ्याला मात्र वेड्यात काढू नका. दहा गुंठ्यांत अडीच क्विंटल भात. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये. पूर्ण हमीभाव पदरात पडला तरी वर्षाचे ५,९२२ रुपये होतात. त्यातून नांगरट, आवणीची म्हणजे रोपं लावण्याची मजुरी, खत, कापणी, झोडणी वजा जाते. तुमच्या सोसायटीचा एका महिन्याचा मेंटेनन्स याच्या आसपास असेल. एजंटाच्या जिभेवर साखर असते वगैरे ठीक आहे, पण जमीन सुटते ती या आकड्याने. खरेदीच्या दिवशी पेढे वाटताना हा आकडा मोठ्याने उच्चारू नये, एवढं पथ्य पाळा.

ताबा मिळाला की भराव. भातखाचर ही मुळात पाणी धरून ठेवणारी खोलगट जागा. पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी होऊन तिच्या तळाशी मातीचा घट्ट थर बसलेला असतो, म्हणूनच तर पाणी मुरून जात नाही. बंगल्याला हे चालत नाही. दहा गुंठे तीन फूट उंच करायला सुमारे ३२५ ब्रास मुरूम लागेल, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. चार ब्रासचा डंपर धरला तर ऐंशीहून जास्त खेपा. त्या मेमध्येच उरका, जूनमध्ये डंपर रुततो आणि काढायला ज्याच्या खाचराची वाट लावली त्याचेच बैल मागावे लागतात.

काही क्षुल्लक परिणाम होतील, तिकडे लक्ष देऊ नका. खाचरं डोंगरउताराला पायऱ्यांसारखी असतात. वरच्याचं पाणी भरलं की बांधाला पाडलेल्या तोंडातून खालच्यात उतरतं. तुमचा भराव आणि कंपाउंड मध्ये आलं की पाणी बिचारं वळून शेजाऱ्याच्या बांधावर जातं. त्या बांधात खेकड्यांची बिळं असतातच. जुलैमधल्या एखाद्या रात्री बांध फुटतो, आठ दिवसांपूर्वी लावलेलं रोप वाहून जातं आणि वर तुमचा मुरूम दोन बोटं पसरतो. मुरमाच्या खाचरात चिखल बसत नाही, पाणी टिकत नाही, टाकलेला युरिया पाण्याबरोबर खाली जातो आणि भात पिवळं पडतं. दोनच हंगाम थांबा. शेजारी आपणहून विचारायला येईल, "साहेब, माझंपण घेता का?" मार्केटिंगचा एक रुपया खर्च नाही.

वरच्या उताराची वरकस, म्हणजे हलकी माळाची जमीन 'व्हॅली व्ह्यू' म्हणून आधीच विकली गेली असेल. छानच झालं. तिथूनच राबासाठी टहाळ आणि गवत यायचं. राब म्हणजे रोपवाटिकेची जागा भाजणं: खाली शेण, त्यावर टहाळ-पालापाचोळा, मग गवत, आणि सगळ्यांवर बारीक मातीचा हात, म्हणजे आग भडकत नाही, धुमसत राहते. तणाचं बी जळतं, राख मातीत राहते, रोप जोमदार येतं. नेमका हा उद्योग उन्हाळ्याच्या सुट्टीत चालतो आणि धूर तुमच्या डेकवर येतो. लगेच तक्रार करा. प्रदूषण म्हणजे प्रदूषण. घरी परतताना खारेगावला तासभर इंजिन चालू ठेवून उभं राहावं लागलं तर ती गोष्ट वेगळी.

झाडं लावायचीच तर आंब्याची कलमं लावा. शिफारस १० बाय १० मीटरची, म्हणजे गुंठ्याला एक कलम. खड्डा मीटरभर लांब, रुंद आणि खोल. मुरमाखाली जुना चिकण थर तसाच असतो, त्यामुळे पावसाळ्यात त्या खड्ड्याची विहीर होते आणि कलमाच्या मुळ्या कुजतात. ऑगस्टमध्ये पानं मलूल झाली की नर्सरीवाल्याला शिव्या द्याव्यात, ही रीत आहे. खाचरात आंबा बांधावर लावतात, हे गावातल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं, पण त्याला कन्सल्टंट कोण म्हणणार!

लॉनला उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरा, म्हणजे गुंठ्याला ५०० लिटर. तीन गुंठ्यांना रोज दीड हजार. त्यासाठी बोअर. एप्रिलमध्ये खालच्या पाड्याची विहीर आटली तर तो योगायोग समजा. तसंही त्यांना सवय आहे: भातसा धरण शहापूर तालुक्यात, त्याचं पाणी मुंबई-ठाण्याला, आणि तालुक्यातल्या पाड्यांना टँकर. तुम्ही फक्त परंपरा पुढे नेताय.

कोपऱ्यातला एक गुंठा भाताला ठेवा. मोह म्हणून नव्हे, सातबाऱ्यावर पीक नोंदवायच्या ई-पीक पाहणीला उभ्या पिकाचा फोटो लागतो. शिवाय शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. त्या एका गुंठ्यात किती लाखांचं भात पिकू शकतं हे कृषी विद्यापीठाला अजून उमगलेलं नाही, तुमच्या सीएला उमगलेलं आहे.

याच गुंठ्यात जुलैमध्ये 'आवणी महोत्सव' भरवा. सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप, माणशी शुल्क, पिठलं-भाकरी धरून. रोप २१ ते २५ दिवसांचं हवं, पण तारीख शनिवार बघून ठरत असल्याने ते चाळीस दिवसांचं असेल. असू दे, फोटोत कळत नाही. चुडात, म्हणजे एका जागी लावायच्या जुडीत, दोन-तीन काड्या घेऊन दोन-तीन सेंटिमीटर खोल लावायच्या असतात. पाहुणे मूठभर काड्या कोपरापर्यंत खुपसतात. खोल गेलेल्या रोपाला फुटवे कमी येतात, फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी. ज्या बाईंच्या हाताखाली हे चाललेलं असतं, त्या मंडळी जेवायला बसली की गुपचूप परत येऊन अख्खा गुंठा उपटून नव्याने लावतात. त्यांची दोन दिवसांची मजुरी शुल्कातून सहज निघते. द्यायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं.

राहता राहिला माळी. बाहेरचा शोधू नका. ज्याची जमीन घेतली त्यालाच ठेवा: त्याला पाण्याचं तोंड कुठे होतं ते माहीत असतं, कुत्री त्याला ओळखतात आणि घरही समोरच आहे. आलेल्या पैशातून मुलीचं लग्न, थोरल्याची मोटारसायकल आणि घरावर स्लॅब झालेला असतो, त्यामुळे तो नाही म्हणत नाही. पूर्वी याच खाचरातला तांदूळ त्याला दिवाळीपासून आषाढापर्यंत पुरायचा. आता दर महिन्याला तो रेशन दुकानात मशिनवर अंगठा उठवतो. चिखलात घासून रेषा पुसट झालेल्या, म्हणून तिसऱ्या-चौथ्या खेपेला मशिन त्याला ओळखतं. माणशी पाच किलो, फुकट.

शनिवारी रात्री पाहुणे आले की त्याच्या बायकोला स्वयंपाक सांगा. चुलीवरचा, आणि तांदूळ गावठीच हवा, असं बजावून सांगा. ती जरा घुटमळेल. मग म्हणेल, "दादा, ठाण्याहून येताना जांभळी नाक्यावरून दोन किलो घेऊन या."