'डेटा कायदा सोसायट्यांना लागू नाही' हे खरं नाही

मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "नवा डेटा कायदा मोठ्या कंपन्यांसाठी आहे. सोसायटी, क्लास, दवाखाना यांनी काही करायची गरज नाही. फॉर्मवर सही असली की संमती झाली. डेटा ॲपवाल्याकडे, म्हणजे जबाबदारीही त्याची. शिवाय २०२७ पर्यंत काहीच लागू नाही." बऱ्याच कमिट्या यावर विश्वास ठेवून निवांत आहेत, म्हणून हे लिहितोय.

"मोठ्या कंपन्यांसाठी." २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात उलाढालीची किमान अट नाही. सूट आहे ती खाजगी, घरगुती वापराला. गेटवरची कागदी वही कायद्याबाहेर राहते, पण तिच्यातली नावं-नंबर एक्सेलमध्ये भरले की कायदा लागतो.

"सही म्हणजे संमती." सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. लीव्ह अँड लायसन्सवर राहायला आलेल्या मुलीकडे कमिटी आधार, पॅन, ऑफिसचं आयकार्ड, आईवडिलांचे नंबर मागते. घर हवं असतं, ती मुकाट्याने देते. कायद्याला संमती दबावाशिवाय, कारण सांगून आणि कामापुरत्याच माहितीसाठी घेतलेली हवी. कायद्यातच उदाहरण आहे: वैद्यकीय सल्ल्याच्या ॲपने कॉन्टॅक्ट लिस्ट मागितली आणि माणूस हो म्हणाला, तरी त्या लिस्टपुरती संमती ग्राह्य नाही, कारण सल्ल्याला ती लागत नाही. मग भाडेकरूचं पॅन सोसायटीला कशाला लागतं? माहिती का घेताय, हे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायला मिळायला हवं. असा मराठी कागद मी अजून एकाही गेटवर पाहिलेला नाही.

"जबाबदारी ॲपवाल्याची." करारात काहीही लिहा, माहिती कशासाठी वापरायची हे जो ठरवतो त्याच्यावरच, म्हणजे इथे सोसायटीवरच, कायदा जबाबदारी टाकतो. सुरक्षेत हलगर्जीपणा केला तर दंड २५० कोटींपर्यंत, गळती कळवली नाही तर २०० कोटींपर्यंत. या कमाल मर्यादा आहेत. प्रत्यक्ष दंड चुकीचं गांभीर्य पाहून ठरतो, त्यामुळे सोसायट्यांना २५० कोटींची भीती घालणंही चूकच.

"२०२७ पर्यंत काही नाही." हे अर्धंच खरं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधनांना १८ महिन्यांची मुदत आहे. पण सायबर हल्ला सहा तासांत सर्ट-इनला (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) कळवण्याचं कंपन्यांवरचं बंधन २०२२ पासूनच आहे. आणि चोरीला गेलेल्या आधारच्या फोटोचा गैरवापर करणारा कुठल्याही मुदतीची वाट पाहत नाही.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत आम्ही वॉचमनच्या फोनपासून सुरुवात केली. गॅलरीत भाडेकरूंच्या आधारचे फोटो होते, त्यातले कित्येक जण केव्हाच घर सोडून गेलेले. सेक्रेटरींसमोर बसून एकेक पुसला. यापुढे आधार दाखवावंच लागलं, तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं, मास्क केलेलं चालेल, असं ठरलं. आधीचा वॉचमन मात्र तसेच फोटो फोनमध्ये घेऊन गावी गेलाय. या रविवारी त्याला फोन करायचा आहे.