‘वीस मिनिटांचा धंदा’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

महोदय,

एचआयव्हीच्या रॅपिड (झटपट निकाल देणाऱ्या) चाचणीवरील माझ्या लेखावर आपण दिलेल्या प्रतिक्रियेतील ‘रॅपिड चाचणी म्हणजे माणसाला वीस मिनिटांत हादरवून सोडण्याचा धंदा आहे’ हे वाक्य मी तीनदा वाचले. मतभेद मी समजू शकतो. ‘धंदा’ या शब्दाला मात्र आपल्या लांबलचक मजकुरात कोठेही आधार सापडला नाही.

विंडो पिरियडचा, म्हणजे संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंतच्या काळाचा, उल्लेख माझ्या लेखात राहून गेला, ही चूक मान्य. बोटातून काढलेल्या रक्तावरील चाचणीत संसर्ग दिसण्यास साधारणपणे २३ ते ९० दिवस लागतात, त्यामुळे त्याआधीचा निगेटिव्ह निकाल अंतिम मानू नये. प्रयोगशाळेतील चाचणीलाही असा काळ लागतोच, तो थोडा कमी असतो इतकेच. हे आपण सोयीस्करपणे वगळलेत.

आता त्या हादरण्याविषयी. पहिली चाचणी रिॲक्टिव्ह (संसर्गाची शक्यता दाखवणारी) आली म्हणून कोणी निदान सांगून मोकळे होत नाही. सलग तीन वेगवेगळ्या चाचण्या रिॲक्टिव्ह आल्यावरच निदान पक्के धरावे, असे जागतिक आरोग्य संघटना २०१९ पासून सांगते आहे, आणि त्या तिन्ही रॅपिड किटवर एकाच भेटीत होऊ शकतात. मी नऊ वर्षे समुपदेशक होतो. तेव्हा शिरेतून रक्त घेऊन लांबच्या प्रयोगशाळेत पाठवत असू आणि अहवाल दोन आठवड्यांनी येई. तो न्यायला कितीतरी जण परत येतच नसत. एक बाई दीड वर्षाने आल्या, त्या क्षयरोगाने खंगून. त्यांचा पॉझिटिव्ह अहवाल तोवर आमच्या कपाटात पडून होता. त्यांना कोणी ‘हादरवले’ नव्हते, हे खरे!

निदानानंतर सात दिवसांच्या आत, आणि रुग्णाची तयारी असल्यास त्याच दिवशी, एआरटी (एचआयव्हीला रोखणारी औषधे) सुरू करावी अशी शिफारस २०१७ मध्ये झाली. मेंदूज्वराची लक्षणे असतील तर थांबावे लागते, हे मी लेखात लिहिले होते. निकालच पंधरा दिवस अडकला तर त्या सात दिवसांची मोजणी सुरू तरी कधी व्हायची?

किटच्या खर्चावरील आपले दोन परिच्छेद मी बाजूला ठेवतो. तो लेखाचा विषयच नव्हता. अठरा महिन्यांखालील बालकांत आईकडून आलेली प्रतिपिंडे (ही चाचणी शोधते ती संसर्गाविरुद्धची प्रथिने) असल्याने ही चाचणी निदानाला पुरत नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे. मात्र लेख प्रौढांपुरता आहे, असे त्याच्या पहिल्याच ओळीत म्हटले आहे. तेवढी ओळ तरी आपण वाचायला हवी होती.