एलीयाला देवानं आधी भाकरी दिली

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला आमच्या धाकटीचा फोन आला. "दादा, डोक्यात वीज चमकल्यागत हुतंय. मान वळवली की परत चमकतंय." उद्यमनगरातलं वर्कशॉप बंद करून मी नुकताच घरी आलो होतो. ताटावरून उठलो आणि गाडी काढली. तिच्या घरी आरशाखालच्या खणात, पावडरच्या डब्यामागं गोळ्यांचं पाकीट सापडलं. दहाचं पाकीट, तीन संपलेल्या, सात जशाच्या तशा. विचारलं तर म्हणाली, "बंद केलो की. आत्तीनं मेसेज पाठिवलाता."

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. आमच्याकडे तर महिला मंडळाच्या ग्रुपवर आला, क्वायरच्या ग्रुपवर आला, आणि शेवटी सातारच्या मेव्हण्याकडून मलाच आला. वर कबुतर, खाली सूर्योदय, मध्ये 'कामात व नात्यांत संतुलन आणि चंगाई : विश्वासणाऱ्यांसाठी सात गोष्टी'. चंगाई म्हणजे आजारातून बरं होणं. लिहिणाऱ्याचं नाव कुठंही नाही. सात गोष्टी थोडक्यात अशा: नैराश्य हा अविश्वास आहे, म्हणून गोळ्या सोडा. प्रभूचं काम करणारा थकत नाही. पत्नीनं निमूट सोसावं, क्षमा करून परत नांदायला जावं. रविवारी मोबाईल बंद ठेवा. दुःखी, नकारात्मक माणसांपासून लांब राहा. २१ दिवस उपास करा. आणि हा मेसेज १२ जणांना पाठवा.

पहिल्या मुद्द्यावरच मी जास्त बोलणार आहे, कारण माझ्या बहिणीच्या खणातल्या त्या सात गोळ्या त्याच मुद्द्यानं मागं ठेवल्या.

आमची आई जाऊन आठ महिने झाले. धाकटी शिरोलीच्या एका फौंड्रीत अकौंट्स बघते. मार्चएंडला रात्री नऊ-नऊला घरी, वर संडे स्कूल, क्वायर आणि सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं. तिची झोप गेली, जेवण गेलं. भाजी फोडणीला टाकायची आणि गॅससमोर नुसती उभी राहायची, कांदा करपेपर्यंत. डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्या. त्या लागू पडून जरा बरं वाटायला लागलं होतं आणि नवं पाकीट नुकतंच फोडलं होतं, तेवढ्यात हे कबुतर आलं.

मेसेज म्हणतो, "पवित्र शास्त्रात स्पष्ट लिहिले आहे, कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका. मग गोळी कशाला?" लिहिलंय खरं, बायबलमधल्या फिलिप्पैकरांच्या पत्रात, चौथ्या अध्यायात. पण प्रेषित पौलानं हे कैदेतून लिहिलं, आणि त्याच पत्रात दोन पानं मागं एपफ्रदीत नावाच्या सोबत्याची गोष्ट आहे. तो मरणाच्या दारात गेला होता. तो बरा झाला नसता तर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं पौल मोकळेपणानं लिहितो. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तर तो म्हणतो की सगळ्या मंडळ्यांची, म्हणजे चर्चची, चिंता रोज माझ्यावर असते. मूळ ग्रीकमध्ये 'चिंताक्रांत होऊ नका' आणि ही 'चिंता' एकाच धातूतून आलेली आहे. मग पौलही अविश्वासू म्हणायचा का? त्याच पत्राच्या सुरुवातीला तो सांगतो की आशियात असताना आम्ही जगण्याचीही आशा सोडली होती. हाच पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि त्याच्या सोबत असलेल्या लूकला 'प्रिय वैद्य' म्हणतो. वैद्याला बरोबर घेऊन फिरणाऱ्या माणसाच्या नावावर गोळ्या फेकून द्यायला सांगायचं, ही कमाल आहे.

पण माझं खरं उत्तर एलीया संदेष्टा आहे. १ राजे, अध्याय १९. मेसेज लिहिणाऱ्यानं १८ वा अध्याय वाचून पुस्तक मिटलं असणार. अठराव्यात कर्मेल डोंगरावर आग उतरते, सगळा जयजयकार. एकोणिसाव्यात तोच माणूस ईजबेल राणीच्या धमकीनं पळतो, नोकराला बैर-शेब्यात ठेवतो, एकटा रानात दिवसभर चालतो आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. आता पुरे झालं, म्हणतो. मी माझ्या वाडवडिलांपेक्षा काही चांगला नाही. आज क्वायरमधल्या कुणी असं म्हटलं तर त्याच्यासाठी सैतान बांधायची प्रार्थना सुरू होईल. देवानं काय केलं? दूत पाठवला. दूतानं हात लावून उठवलं आणि 'ऊठ, खा' एवढंच सांगितलं. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या. एलीयानं खाल्लं आणि परत झोपला. त्याला झोपू दिलं. दूत दुसऱ्यांदा आला, परत भाकर, परत पाणी, कारण पुढचा रस्ता तुला झेपणार नाही म्हणून. 'तुझा विश्वास कुठं गेला?' असं एका शब्दानं विचारलं नाही. 'तू इथं काय करतोस?' हा प्रश्न आला तो होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर. तिथंही त्याच्या तक्रारीला ओरडा बसला नाही. अजून सात हजार माणसं शिल्लक आहेत हे कळलं, आणि कामाला जोडीदार म्हणून अलीशा मिळाला.

आमच्या वर्कशॉपात एखाद्या मशीनचं बेअरिंग घरघरायला लागलं की आम्ही त्या मशीनची निष्ठा तपासत नाही. ग्रीस बघतो, लोड बघतो.

आता गोळ्यांविषयी सरळ बोलतो. मनावरच्या या गोळ्यांचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बऱ्याच गोळ्या एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, झोपमोड आणि डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं हे सगळं होऊ शकतं. त्या थांबवायच्याच असल्या तर डॉक्टरांच्या हातानं, हळूहळू कमी करत. धाकटीच्या डोक्यातली वीज ही 'आत्मिक लढाई' नव्हती. तीन गोळ्यांनंतर ते पाकीट उघडायचं राहिलं, एवढंच होतं. आणि आत्ती? तिची बीपीची गोळी रोज सकाळी सातला, चहाच्या आधी. दिवाणखान्यातल्या वचनाच्या कॅलेंडरखालीच डबी असते. मी तिला विचारलं, "आत्ती, तुझं बीपी कुठला अविश्वास हाय?" फोन ठेवला तिनं.

आपल्याच माणसांचा इतिहासही आठवा जरा. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली इथं कोल्हापुरात आले. त्या मिशनच्याच कामातून डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली इथून पन्नासेक किलोमीटरवर मिरजेत दवाखाना उभा केला. जिथं उपासना, तिथंच बाजूला औषधाची बाटली, असं आपल्या पूर्वजांनी पाहिलंय. गोळी घेणं हा अविश्वास असता तर मिरजेला ऑपरेशन थिएटर कशाला बांधलं?

एक कबूल करतो, नाइलाजानं. मेसेजमध्ये एक ओळ आहे की गोळीनं नाती दुरुस्त होत नाहीत. खरंय. डॉक्टरांनी धाकटीला तीन मिनिटं दिली होती, आईविषयी एक शब्द विचारला नव्हता. प्रत्येक दुःख हा आजार नसतो, हेही खरं. आणि रात्री गायनं म्हटली की तिला थोडा डोळा लागायचा, हे तिच्या नवऱ्यानंच मला सांगितलं. प्रार्थना करू नका असं कोण म्हणतंय? डॉक्टर बदलला, आता समुपदेशनही चालू आहे. कुणाला कुठं जायचं कळत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाईन १४४१६ आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

दुसरा मुद्दा, की प्रभूचं काम करणारा थकत नाही. येशू थकून विहिरीकाठी बसला होता, योहान चौथा अध्याय. शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना तेव्हा त्यानं त्यांना एकांतात जाऊन विसावा घ्यायला सांगितलं, मार्क सहावा. आणि मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटा न्याय करत बसला तेव्हा त्याचा सासरा इथ्रो म्हणाला की हे काही ठीक नाही, तू पण झिजशील आणि लोक पण; हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम. सासऱ्याचा सल्ला मोशेनं ऐकला, हा त्यातला दुर्मिळ भाग. आमच्या मंडळीत संडे स्कूल, क्वायर आणि खजिना हे तिन्ही एकाच बाईच्या गळ्यात आहेत, आणि 'प्रभू बळ देईल' म्हणून बाकीचे जेवायला घरी जातात.

तिसऱ्या मुद्द्याला मात्र माझं डोकं परत फिरतं. नवरा कसाही असो, पत्नीनं सोसावं. क्षमा म्हणजे परत नांदायला जाणं. घरातली गोष्ट मंडळीबाहेर जाऊ नये. इफिसकरांच्या पाचव्यातलं 'अधीन असा' एवढंच या लोकांना पाठ असतं. त्याच्या आधीची ओळ एकमेकांच्या अधीन असण्याची आहे, पुढची नवऱ्यानं ख्रिस्तासारखं स्वतःला अर्पण करण्याची. ती कुणाच्या स्टेटसवर दिसत नाही. आणि क्षमा म्हणजे परत जाणं? शौल राजानं दाविदावर भाला फेकला. दाविदाची बायको मीखल, तिनं खिडकीतून उतरवून त्याला पळवलं. पुढं दाविदाच्या हातात शौल दोनदा सापडला आणि दोन्ही वेळा त्यानं त्याला सोडलं. यापेक्षा मोठी क्षमा कुठली? दुसऱ्या वेळी शौल म्हणाला, परत ये, मी आता तुझं वाईट करणार नाही. मग १ शमुवेल २६ ची शेवटची ओळ बघा: दावीद आपल्या वाटेनं गेला आणि शौल आपल्या ठिकाणी. क्षमा केली, पण वाड्यात परत गेला नाही. देवाच्या मनासारखा म्हणून ज्याचं नाव घेतात त्यानं भाल्यापासून अंतर ठेवलं. आणि बायकोवर हात उचलणं हे २००५ च्या कायद्यानुसार कौटुंबिक हिंसाचार आहे. मंडळीबाहेर न्यायचं नाही म्हणजे नेमकं कुणाला वाचवायचं?

रविवारी मोबाईल बंद ठेवा, ही एकच गोष्ट चांगली आहे. मी स्वतः करत नाही, पण चांगली आहे. शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा नोकराला, दासीला आणि बैलालाही सुट्टी देते, म्हणजे आमच्या फौंड्रीवाल्यांनाही ती लागू व्हायला हरकत नसावी. दुःखी माणसं टाळण्याबद्दल सांगतो: दुःखात बुडालेल्या ईयोबाच्या मित्रांनी आयुष्यात एकच धड काम केलं, ते सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले. तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं. २१ दिवसांचा उपास शुगरच्या आजाराच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता धरला तर उपास संपायच्या आधी सलाईन लागेल. आमच्या मंडळीत अर्धे शुगरवाले आहेत.

राहिला सातवा. १२ जणांना पाठवा. पाठवलं नाही तर काय होतं ते लिहिलेलं नाही, म्हणून मी पाठवलं नाही आणि वाट बघतोय.

नव्या डॉक्टरांनी धाकटीच्या गोळ्या कमी मात्रेनं परत सुरू केल्या. दोन आठवड्यांनी विजा चमकायच्या थांबल्या. संडे स्कूल तिनं सोडलं, क्वायर ठेवलं. गेल्या शुक्रवारी आत्ती तिच्याकडं आली होती, डब्यात पांढरा रस्सा घेऊन. जेवण झाल्यावर हात धुता धुता विचारली म्हणे, "तुझ्या त्या गोळ्या जेवणाआधी का नंतर गं?"