भिंतीचा ताप

ओल आलेल्या भिंतीची एक गंमत असते, घरात येणारा प्रत्येक माणूस तिला तळहात लावून बघतो. लहान मुलाच्या कपाळाला लावतात ना, अगदी तसा. मग दोन सेकंद गप्प, मग मान हलवणं, आणि मग निदान. आमच्या बेडरूममध्ये कपाटाच्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर वीतभर डाग आला आणि पुढच्या तीन महिन्यांत त्या भिंतीला इतक्या लोकांनी हात लावले की ओल कमी आणि हातांचे ठसेच जास्त झाले होते.

निदानं तरी किती. मेव्हणा म्हणाला वॉशिंग मशीनचा इनलेट पाइप असणार, रबराचा आहे ना, तो पाचेक वर्षांत बदलायचा असतो, आतून फुगतो आणि एक दिवस फुटतो. भाऊ म्हणाला गीझरची टाकी आतून गंजलीय. पहिला प्लंबर म्हणाला नहाणी ट्रॅप. दुसरा प्लंबर म्हणाला पहिला प्लंबर. सासरेबुवांनी भिंतीवर बोटाने टकटक केलं, ते पांढरं पांढरं पीठ आलं होतं ते चुरून बघितलं आणि म्हणाले, "लोणा लागलाय." हे एकच बरोबर होतं खरं तर, कारण ते पीठ म्हणजे विटेतले आणि सिमेंटमधले क्षार असतात, पाणी त्यांना विरघळवून बाहेर आणतं आणि स्वतः उडून जातं. पण पाणी येतंय कुठून हा प्रश्न तिथेच.

माझं मात्र ठरलेलं होतं. वरचे काका.

याला पुरावा लागत नाही. घरात ओल दिसली की माणूस आपोआप वर बघतो. बायको म्हणाली, "अरे पण वरून पाणी येत असेल तर छत कोरडं कसं? आणि डाग तर खालून वर चढतोय." मी म्हटलं पाणी आहे, त्याला काय, वाट मिळेल तिथून जातं. (हेही बरोबर होतं, फक्त मला ते कुठल्या अर्थाने बरोबर आहे हे माहीत नव्हतं. विटेला बारीक बारीक छिद्रं असतात, ती दिव्याच्या वातीसारखं पाणी वर ओढतात.)

मग मी इंटरनेटवर वाचून रंगाची टेस्ट केली. म्हणजे वरच्यांच्या बाथरूममधल्या जाळीत रंग घातलेलं पाणी ओतायचं आणि खाली आपल्याकडे रंग उतरतो का बघायचं. काकूंनी बिचाऱ्यांनी करू दिली. मी दोन दिवस भिंतीसमोर खुर्ची टाकून बसलो. रंग आला नाही. यावरून कुणीही शहाण्या माणसाने काकांची माफी मागितली असती, मी असा निष्कर्ष काढला की रंग स्लॅबमध्ये गाळला गेला असणार. काकांना तसं सांगितलंही, जिन्यात, जरा वरच्या आवाजात. त्यानंतर आमचं बोलणं बंद.

मधल्या काळात मी भिंतीवर वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारले. आठवड्याभरात रंगाला फुगे आले, एक तर एवढा मोठा की बोटाने दाबला तर आत पाणी डुचमळायचं. म्हणजे बाहेर पडायला बघणारं पाणी मी स्वखर्चाने आत कोंडून ठेवलं होतं.

आणि मग तो रविवार. आम्ही दोन दिवस बाहेरगावी गेलो होतो, संध्याकाळी दार उघडलं तर आधी वास, तो ओल्या पोत्यासारखा कुबट, आणि मग पायाखाली थंडगार. बेडरूममध्ये बोटाच्या पेरापर्यंत पाणी उभं होतं. ऐकायला काही वाटत नाही पण हिशेब करून बघा, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर, आमची खोली बारा चौरस मीटर आणि पाणी साधारण बारा मिलिमीटर, म्हणजे १४४ लिटर. हा हिशेब मी तेव्हा केला नाही अर्थात, तेव्हा मी हातात पोछा घेऊन, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, "मेन व्हॉल्व्ह कुठाय?" असं ओरडत घरभर फिरत होतो. सात वर्षं राहतोय त्या घरात. गॅसचा माहीत आहे, वायफायचा पासवर्ड पाठ आहे, आणि घराचं पाणी कुठून बंद होतं ते माहीत नाही. शेवटी सापडला, शूरॅकच्या मागे, आणि सात वर्षांत एकदाही न फिरवल्यामुळे तो असा जाम झालेला की माझ्याच्याने तसूभर हलेना.

बायको मला न विचारता वर गेली आणि काकांना घेऊन आली. काका पाना घेऊनच आले. खोलीत पाय टाकायच्या आधी दारातूनच म्हणाले, "आधी या खोलीची लाइट मेन स्विचवरून घालवा, तो एक्स्टेंशन बोर्ड पाण्यात पडलाय, दिसतंय का?" दिसत नव्हतं. मी त्याच पाण्यात दहा मिनिटं नाचत होतो. मग काकांनी व्हॉल्व्ह फिरवला आणि एक शब्दही न बोलता वर गेले. ते काही बोलले असते तर बरं झालं असतं.

पाणी वाळवून देणारे प्रोफेशनल लोक असतात हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. मला वाटायचं पाणी पुसायचं, खिडक्या उघडायच्या, पंखा फुल करायचा, झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पोरं आली, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या घालून, आणि त्यातल्या मोठ्याने पहिला प्रश्न विचारला की पाणी कुठलं आहे. म्हटलं आमचंच आहे. तसं नाही म्हणाला, पाण्याचे तीन प्रकार, नळाचं स्वच्छ, वॉशिंग मशीन वगैरेचं सांडपाणी, आणि ड्रेनेजचं किंवा पुराचं. स्वच्छ पाणीसुद्धा गालिच्यात, गादीत दोन दिवस मुरलं की त्याची जात बदलते. बुरशी तर २४ ते ४८ तासांतच पाय पसरायला लागते. गादी गेली, त्याने बघताक्षणी सांगितलं. कपाटाचे पाय भुशाच्या बोर्डाचे होते, ते पाणी पिऊन खारीसारखे पदर सुटून फुगले होते, तेही गेले.

बेडच्या खणातल्या माझ्या जुन्या डायऱ्या भिजून लगदा व्हायच्या बेतात होत्या. त्या उन्हात टाकायला निघालो तर त्याने अडवलं, म्हणाला सर, फ्रीझरमध्ये ठेवा. मला वाटलं चेष्टा करतोय. पण गोठवलं की बुरशी थांबते, शाई पसरत नाही आणि सावकाश वाळवायला वेळ मिळतो. नंतर वाचलं, १९७२ साली अमेरिकेत कॉर्निंगच्या काचेच्या संग्रहालयात पुराचं पाणी शिरलं तेव्हा तिथल्या लायब्ररीची भिजलेली पुस्तकं अशीच गोठवून वाचवली होती. माझ्या डायऱ्या त्या तोडीच्या नाहीत, बायकोने फ्रीझर उघडून बघितल्यावर हे मला स्पष्ट शब्दांत सांगितलं.

मग त्याने खिशातून दोन सुया असलेलं एक यंत्र काढलं आणि भिंतीला टोचलं. मॉइश्चर मीटर. ओल्या वस्तूतून वीज सहज जाते, कोरड्यातून जात नाही, त्यावरून तो आकडा दाखवतो. तीन महिने तळहातांनी निदान चाललं होतं, आता कुठे थर्मामीटर आला. आधी त्याने हॉलच्या कोरड्या भिंतीचा आकडा घेतला, तो नॉर्मल समजायचा, आणि मग आमच्या पेशंटचा. काटा नव्हता म्हणून बरं, असता तर वाकला असता.

नंतर थर्मल कॅमेरा. मला वाटलं यात भिंतीच्या आतलं पाणी दिसत असेल, मी त्याच्या खांद्यावरून वाकून वाकून बघत होतो. तसं नसतं, तो फक्त भिंतीच्या वरच्या अंगाचं तापमान दाखवतो, ओली जागा पाणी उडत असल्यामुळे गार असते म्हणून निळी दिसते. तर तो निळा पट्टा गुडघ्यापासून सुरू झाला आणि वर वर जात कमरेला, छातीला, आणि बरोबर माझ्या डोळ्यांच्या उंचीवर येऊन संपला. छत सगळं कोरडं ठाक.

"इथे काही लावलं होतं का सर?"

लावलं होतं. अजून लावलेलं होतं. माझं ऑफिसातल्या दहा वर्षांच्या सेवेचं सन्मानपत्र, जाड काच, लाकडी फ्रेम, आणि नवीन ड्रिल मशीन आणल्याच्या आठवड्यातलं माझं पहिलं काम. जड आहे म्हणून मी मुद्दाम तीन इंची स्क्रू आणला होता. भिंत अर्ध्या विटेची, पलीकडे बाथरूम, आणि प्लास्टरखालून गीझरला जाणारी थंड पाण्याची लाइन. ड्रिल पाइपच्या अलीकडेच थांबलं होतं, पण स्क्रूचं टोक पाइपात घुसलं, आणि घुसलं ते इतकं फिट की भोक पाडणारा तोच आणि बूचही तोच. चार वर्षं त्याने थेंब बाहेर येऊ दिला नाही. मग गंजला, पाझरायला लागला, आणि आम्ही नसताना सुटला.

बायको काहीच म्हणाली नाही. तिने फक्त फ्रेम काढून मोठ्याने वाचली. "निष्ठापूर्वक व चिकाटीने केलेल्या कार्याबद्दल."

इन्शुरन्सचा माणूस आला त्याने एकच विचारलं, ओल कधीपासून होती? मी "अचानक" म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात बायको म्हणाली तीन महिने झाले. खरंच तर होतं. बहुतेक पॉलिसींमध्ये पाइप अचानक फुटला तर भरपाई असते, हळूहळू झिरपत असलं की ती मालकाची हेळसांड. त्याने फुगे आलेल्या वॉटरप्रूफ रंगाचाही फोटो काढला, जरा जास्तच जवळून.

पुढचे पाच दिवस घरात विमानतळ होता. जमिनीला चिकटून भिंतीच्या दिशेने फुंकणारे तीन ठेंगणे पंखे आणि मध्ये एक डिह्युमिडिफायर. पंखे भिंतीतलं पाणी हवेत काढणार, आणि हे यंत्र ते हवेतून बादलीत. नुसतेच पंखे लावले तर तीच वाफ कपाटात, पुस्तकांत जाऊन बसते. खिडक्या बंद ठेवायच्या अशी सक्त ताकीद, नाहीतर यंत्र बाहेरची हवा वाळवत बसेल. आम्ही हॉलमध्ये झोपायचो आणि ओरडून बोलायचो. पण मला त्या बादलीचा लळा लागला, रात्री दोनला उठून बघायचो किती जमलंय. पहिल्या रात्री अठरा लिटर, मग अकरा, मग सहा. रोज सकाळी पोरगा येऊन टोचून जायचा, मी दारात उभा राहून विचारायचो, "कसंय?" तो म्हणायचा, "उतरतोय." भिंतीचा आकडा हॉलच्या भिंतीच्या जवळपास येईस्तोवर रंगाला हात लावायचा नाही, हे त्याने मला दोनदा सांगितलं. बायकोला चारदा.

सहाव्या दिवशी मशीन गेलं, घर शांत झालं, आणि मी वर गेलो. काकांना सगळं सांगितलं, स्क्रू, फ्रेम, रंगाची टेस्ट, जिन्यातलं बोलणं, सगळ्याची माफी मागितली. काकांनी नीट ऐकून घेतलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जाऊ द्या हो. बरं, ते ड्रिल मशीन आहे का अजून तुमच्याकडे?"

म्हटलं आहे.

"दोन दिवस द्याल? नातवाला ट्रॉफी मिळालीय, तिच्यासाठी शेल्फ ठोकायचंय." आणि मला आत बेडरूममध्ये नेऊन त्यांनी भिंत दाखवली. बरोबर आमच्या भिंतीच्या वरची. डोळ्यांच्या उंचीवर पेन्सिलीने दोन फुल्या मारलेल्या होत्या.

"जरा लांबच स्क्रू आणलेत," काका म्हणाले, "पक्कं बसलं पाहिजे."